आडवी टाचणी

नर्सिंगच्या वसतिगृहातली वीज गेली तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. ट्रान्सफॉर्मरचा कुठलासा भाग जळाला होता आणि तो घेऊन येणाऱ्या गाडीला तासभर तरी लागणार होता. वायरमनकाका जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले, पक्कड शेजारी ठेवली आणि टॉर्च विझवली. बॅटरी जपायला हवी होती. एकेक करून मुली खाली आल्या आणि वरच्या पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसल्या.

"काका, किती वेळ अजून?"

"गाडी आली की. मी काय खिशात वीज घेऊन फिरतो?"

"मग एखादी भुताची गोष्ट सांगा. याच हॉस्पिटलातली. पण खरी हं."

"खरी सांगितली तर झोपणार नाही तुम्ही."

"तशीही परवा परीक्षा आहे. झोपतंय कोण?"

काका हसले.

"भूत मी पाहिलं नाही," ते म्हणाले. "ज्यानं पाहिलं, त्याच्या डब्यातलं मी चौदा वर्षं खाल्लंय. खोटं बोलणारा माणूस नव्हता. एकच खोटं बोलला आयुष्यात, आणि तेच त्याला भोवलं. ऐका."

समोरच्या इमारतीत, जिथं आता नुसते संगणक आहेत, तिथं प्रवेशाची खिडकी होती. खिडकीमागं एक कारकून बसायचा. किडकिडीत अंगाचा, शर्टाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला टाचण्या ओळीनं खोचलेल्या. म्हणून सगळे त्याला टाचणीराव म्हणायचे. तो रागवायचा नाही. "बोचलो तर सांगा," म्हणायचा.

दरवर्षी दोनशे-सव्वादोनशे अर्ज यायचे. प्रत्येक अर्जाला गुणपत्रिका टाचायची आणि गठ्ठा मुलाखतीच्या टेबलावर ठेवायचा, एवढंच त्याचं काम. पण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात रजिस्ट्रारनं दार लोटून घेऊन त्याला एक गोष्ट शिकवली होती.

"कागदावर पेन लावायचं नाही. चांगल्या घरचा अर्ज असला की टाचणी उभी. नाल्यापलीकडचा पत्ता असला की आडवी. डोक्यात शिरलं?"

नाल्यापलीकडं शहराची गटारं उपसणारी माणसं राहायची. बाप त्याच कामात, आजा त्याच कामात, पणजाही. रंगावरून ओळखू नाही आलं तर आडनावावरून कळायचं. आडनाव लपवलं तर पत्त्यावरून. उभ्या टाचणीच्या मुलींना सकाळी आत बोलवायचे. आडव्या टाचणीच्या चारनंतर. साडेपाचला समिती उठायची. बाकावर उरलेल्यांना सांगायचं, पत्र येईल. ते कधी कुणाला गेलं नाही. कोणी कुणाला तोंडावर नाही म्हटलं नाही. उद्या चौकशी लागली असती तरी हाताला काय लागलं असतं? टाचणी.

"पण काका, आता सगळं ऑनलाइन आहे," वरच्या पायरीवरून एक मुलगी म्हणाली.

"हो ना. मग फॉर्म भरताना आधी काय विचारलं होतं? मार्क की पत्ता?"

"पत्ता."

"हं," काका म्हणाले.

तर टाचणीरावानं एकोणीस वर्षं टाचण्या लावल्या. हात सरावला होता. पत्त्यावर नजर गेली की बोटं आपोआप वळायची. पण त्याचं एक गुपित होतं. तो स्वतः नाल्यापलीकडचा होता.

त्याचा थोरला भाऊ अजून तिथंच राहायचा. भाऊ बाराव्या वर्षी गटारात उतरला म्हणून हा शाळेत बसू शकला. नोकरीची वेळ आली तेव्हा भावानंच सांगितलं, "आडनाव बदल. पत्ता त्या वाणसामानवाल्याच्या दुकानाचा दे, तो नाही म्हणायचा नाही. आणि दिवसाउजेडी इकडं फिरकू नकोस." टाचणीरावानं ते अक्षरशः पाळलं. वर्षातून दोनदा अंधार पडल्यावर जायचा, ताटावर बसायचा, उजाडायच्या आत परत. बायकोलाही माहीत नव्हतं. तिला वाटायचं, ऑडिट आहे.

भावाला एक मुलगी होती. लहानखुरी, सतत कशात तरी गुंतलेली, म्हणून घरात तिला मुंगी म्हणायचे. काका आला की ती त्याच्या कॉलरमधल्या टाचण्या मोजायची. शेजारच्या म्हातारीच्या पायाची जखम रोज धुऊन बांधायची आणि काकाला सांगायची, "मी नर्स होणार. खोटी खोटी नाही. टोपीवाली."

आणि एका वर्षी तिचा अर्ज त्याच्या टेबलावर आला.

गुणांत ती तिसरी होती. सगळ्यांत तिसरी. अर्जात एक रकाना असायचा: संस्थेत कोणी नातेवाईक नोकरीस आहे काय? तिथं तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'नाही'.

ते वाचून त्याला हायसं वाटलं. हे त्यानं स्वतः सांगितलं नंतर. "हायसं वाटलं रे मला," म्हणाला. "विचार कर, मी कसला माणूस."

टाचणी हातात धरून तो बराच वेळ बसला. उभी लावली असती तर रजिस्ट्रारनं विचारलं असतं, नाल्यापलीकडची पोर इथं कशी? कोण लागते तुझी? एकोणीस वर्षांची भिंत एका टाचणीनं कोसळली असती. त्यानं मनाची समजूत घातली, एवढे गुण आहेत, चारनंतर का होईना, बोलावतीलच.

त्यानं टाचणी आडवी लावली.

मुलाखतीच्या दिवशी ती सकाळी नऊला आली. व्हरांड्यातल्या लाकडी बाकाच्या टोकाला, फाईल मांडीवर घेऊन बसली. तो सात वेळा तिच्यासमोरून गेला. सातही वेळा ती उठून उभी राहिली.

"साहेब, माझा नंबर आला का?"

"येईल."

साहेब. जिच्या तोंडात घास भरवला तिनं साहेब म्हटलं, आणि यानं ते ऐकून घेतलं.

साडेपाचला समिती उठली. बाकावर चार मुली उरल्या होत्या. टाचणीराव म्हणाला, "पत्र येईल." तिघी निघून गेल्या. ही थांबली. व्हरांड्यात दुसरं कोणी नाही हे तिनं पाहून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाबांनी सांगितलंय, तुम्हाला त्रास होईल असं वागायचं नाही. मी कुणाला बोलले नाहीये." मग फाईल छातीशी धरून गेली.

चार महिने ती पत्राची वाट पाहत होती. तोवर बापाला दम्यानं धरलं आणि घरात कमावतं कोणी उरलं नाही. ज्या हॉस्पिटलात नर्स व्हायचं होतं त्याच हॉस्पिटलाच्या मागच्या अंगाला कचरा वेगळा करायचं काम तिला मिळालं. ते मिळायला काही अडचण आली नाही. मुलाखतही नव्हती. हातमोजे मागितले तर मुकादम म्हणाला, पुढच्या महिन्यात. एका पिशवीत कोणीतरी उघडी सुई टाकली होती. ती तिच्या हातात घुसली. अकराव्या दिवशी जनरल वॉर्डात तिनं प्राण सोडला. एकोणीस वर्षांची होती. टाचणीरावाच्या नोकरीएवढी.

तो एकदा वॉर्डाच्या दारापर्यंत गेला होता. आत गेला नाही. ओळखीची सिस्टर ड्युटीवर होती.

काका थांबले. कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

"पुढच्या वर्षीच्या मुलाखतीची आदली रात्र. नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार. सहा वर्षं झाली. रात्री पावणेदहाला रजिस्ट्रारचा त्याला फोन आला."

"उद्या सकाळी समिती बसतेय आणि गठ्ठा तसाच पडलाय म्हणे?"

"राहून गेलं साहेब. आत्ता जाऊन करतो."

राहून गेलं नव्हतं. हात होत नव्हता.

तो सायकलनं आला. पहारेकऱ्यानं किल्ली दिली, थंडी वाढलीय म्हणाला. व्हरांड्यात एकच ट्यूब चालू होती. बाकाच्या टोकाला कोणीतरी बसलं होतं. वॉर्डातल्या पेशंटचं कोणी असेल, म्हणून त्यानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"ऑफिस बंद आहे."

"हो साहेब. बसते."

तो आत गेला. दिवा लावला. खिडकीची काच बंद होती. दोनशे बारा अर्ज समोर होते. पहिला घेतला, टाचणी उभी. दुसरा, उभी. सहाव्या अर्जावर नाल्यापलीकडचा पत्ता होता. बोटं वळली. टाचणी आडवी.

बाहेर बाक करकरला.

त्यानं मान वर केली. काही नाही. पुढचे तीन उभे. मग एक आडवी. बाक पुन्हा करकरला. कोणीतरी बसल्यासारखा... सरकून दुसऱ्याला जागा दिल्यासारखा.

उभी... उभी... काही नाही.

आडवी.

करकर.

आणखी एक आडवी लावली. या वेळी बाक वाजला नाही. भिंतीला पाठ टेकल्याचा आवाज आला. बाकावर जागा उरली नव्हती.

तो उठला. काचेला डोळा लावला.

व्हरांडा भरला होता.

बाकावर मुली. भिंतीलगत मुली. जिन्यापर्यंत... जिन्याच्या वरही. पार जुन्या वर्षांतल्या कपड्यांतल्या. काहींचे केस पिकलेले. प्रत्येकीच्या हातात फाईल. कोणी रागावलेलं नव्हतं. कोणी रडत नव्हतं. त्या नुसत्या... खिडकीकडं पाहत होत्या.

वाट पाहत होत्या.

टोकाला बसलेली उठली. तिच्या हाताला पट्टी होती. खिडकीपाशी आली.

"साहेब, माझा नंबर आला का?"

त्यानं काच सरकवली. गार वारा आत आला. वॉर्डातल्या औषधाचा वास आला.

"मुंगे..." तो म्हणाला.

तिनं घाबरून मागं पाहिलं. मग बोट ओठांवर ठेवलं.

"श्श... कोणी ऐकेल, साहेब."

मेल्यावरही... ती त्यालाच जपत होती.

ट्यूब फडफडली. गेली.

अंधारात कोणीच हललं नाही. नुसता श्वास. कितीतरी जणींचा.

सकाळी सहाला वायरमनकाकांना घरी बोलावणं आलं. व्हरांड्याची सगळी लाइन उडाली होती. येऊन पाहतात तर टाचणीराव बाकाच्या टोकाला बसलेला. मांडीवर दोनशे बारा अर्ज. सगळ्या टाचण्या उभ्या. बोटांना रक्त. अंधारात लावल्या होत्या त्यानं.

तिथंच, बाकावर, त्यानं सगळं सांगितलं. मग म्हणाला, "दहा वाजले की माझ्याबरोबर आत चल. एकटा गेलो तर पुन्हा गप्प बसेन."

दहाला दोघं रजिस्ट्रारसमोर उभे राहिले.

"यंदा जी पोर गेली ना, कचऱ्यावरची, ती माझी पुतणी. मी नाल्यापलीकडचा. तिच्या अर्जात नातेवाईक नाही असं लिहिलंय. ते खोटं आहे. ते मला माझ्या हातानं खोडायचंय आणि खाली सही करायचीय."

रजिस्ट्रारनं आवाज चढवला नाही. चष्मा पुसला. "एवढी वर्षं नीट चाललं होतं तुझं," म्हणाला. "कशाला?"

"एवढंच करू द्या साहेब."

त्याच आठवड्यात त्याला काढून टाकलं. कारण काय, तर नोकरीसाठी खोटा पत्ता दिला. ते मात्र कागदावर पेनानं लिहिलं होतं. भावाच्या घरी तो त्यानंतर दिवसाउजेडी गेला, बायकोला घेऊन. भावानं दार उघडलं, पाणी दिलं. एक शब्द बोलला नाही. अजून बोलत नाही.

"आणि तो अर्ज?" कोणीतरी हळूच विचारलं.

"सांगतो ना." काकांनी टॉर्च हातात घेतली, पण लावली नाही. "जुने गठ्ठे लोखंडी कपाटात असायचे. दोऱ्यानं बांधून वर लाखेचं सील. कपाटाची किल्ली रजिस्ट्रारच्या खिशात. त्यानंच उघडलं. सील माझ्यासमोर पक्कडीनं फोडलं, हीच पक्कड. वर्षभराची धूळ होती त्यावर. टाचणीरावाची बोटं रक्ताळलेली होती, म्हणून अर्ज मी शोधला. मी काढला. मी धरला."

कोणीतरी एक पायरी खाली सरकलं.

"तो पेन काढून तयार होता. पण खोडायला काही उरलंच नव्हतं. 'नाही' वर एक रेघ मारलेली होती. आणि खाली, त्याच ठसठशीत अक्षरात, एकच शब्द होता. 'काका'."

"नंतर कोणीतरी लिहिलं असेल," वरच्या पायरीवरची मुलगी म्हणाली.

"रजिस्ट्रारही तेच म्हणाला," काका म्हणाले. "असेलही. मी वायरमन, मला काय कळतं. पण मी अर्ज त्या शब्दावर अंगठा ठेवून धरला होता, पोरींनो. सीलबंद गठ्ठ्यातला, वर्षाचा जुना कागद. अंगठा उचलला... तर शाई लागली होती."