सातवा ठिपका

"करियाला आजच हाकलणार होतो," मॅनेजर उत्तय्या म्हणाला. "पण मालक म्हणाले, आधी देच्चम्माबाईंना विचारा."

पोलिसातून निवृत्त होऊन देच्चम्मांनी मडिकेरीत खासगी तपासाची पाटी लावली होती, आणि आता त्यालाही त्या कंटाळल्या होत्या. त्यांचा सोबती पोन्नप्पा तर कॉफीच्या मळ्याचा चढ चढतानाच अर्धमेला झाला. पावसाने महिनाभर उसंत दिली नव्हती.

मळ्यात मातीची ओल मोजणारे बिनतारी खांब होते. दोन चोरीला गेले, तेव्हा उरलेल्यांत जागा सांगणारं यंत्र बसवलं. आता मोबाईलच्या नकाशावर सातवा ठिपका रोज थोडाथोडा खाली सरकत होता. खाली मजुरांच्या घरांची रांग, म्हणजे लाईन; त्यात पहिलंच घर करियाचं, म्हणून संशय त्याच्यावर. चोर ठरला असता तर तो बायकोपोरांसह रस्त्यावर आला असता.

"यंत्रच येडं झालं असेल," पोन्नप्पा धापा टाकत म्हणाला.

"ठिपके सगळेच थरथरतात, पण परत जागेवर येतात," यंत्रं बसवणारा गिरीश वैतागला. "हा एकच उतरतोय."

"आणि ओलीचे आकडे?" देच्चम्मांनी विचारलं.

"एकदाही तुटले नाहीत. उलट वाढलेत."

देच्चम्मा सातव्या खांबापाशी वाकल्या. पायथ्याला हिरवंगार शेवाळ होतं, कुठेही न उचकटलेलं.

त्या खाली लाईनीत उतरल्या, तेव्हा करिया घराच्या दाराची कड तासत होता. "हात नाही लावला, अक्का! इथे माझंच दार लागेना झालंय, खांब कुठे ढकलत बसू?"

"नाटकं बघा याची!" उत्तय्या ओरडला.

"जरा गप्प बसा," देच्चम्मा थकल्या आवाजात म्हणाल्या. "खांब उपटला असता, तर ओल मोजणारी, हातभर पुरलेली त्याची सळई मातीबाहेर आली असती आणि आकडा शून्यावर गेला असता. तो तुटलाच नाही. शेवाळही शाबूत. म्हणजे खांब मातीतून निघालाच नाही."

"मग सरकला कसा?" पोन्नप्पाला काही कळेना.

"मातीसकट. या दाराची चौकट त्यामुळेच वाकडी झालीय. उत्तय्या, तुमचा डोंगर खाली येतोय. लाईन रिकामी करा, आत्ता!"

उत्तय्याचा चेहरा पांढरा पडला. तो हाका मारत घराघरांतून धावत सुटला.

करियाच्या बायकोने भांडी गोळा केली. तो मात्र उंबऱ्यातून हलेना.

"मी चोर नाही ना, अक्का?"

"नाही रे बाबा."

"मग घर का सोडायचं?"

करियाची धाकटी पोर कडेवर घेऊन देच्चम्मा रस्त्याकडे चालू लागल्या.