चढावरची टकटक

"माझ्या नव्या गाडीचा खून झालाय आणि खुनी घरातलाच आहे," असं निवृत्त मुख्याध्यापकांनी फोनवर सांगितलं, तेव्हा वहिनींनी अर्धा चहा टाकून पर्स उचलली. धाकटा दीर मागोमाग निघाला. वहिनींच्या शोधकार्यात त्याची कामं दोनच: गाडी चालवणं आणि भलत्यावर संशय घेणं.

गॅरेजात दोन गाड्या होत्या. एक जुनी, पुसून लख्ख. दुसरी नवी, टर्बोची. चढ लागला की इंजिनात टकटक वाजे. जावयानं डोंगरात दामटून तिची वाट लावली, असा सरांचा निकाल होता. जावयाला गाडी बंद झाली. त्यावर लेकीनं माहेर बंद केलं होतं.

वहिनींनी पेट्रोलची झाकणं उघडायला सांगितली. दोन्हींना सरांनी हौसेनं कुलूप बसवलेलं. एकुलती एक किल्ली बनियनच्या खिशातून निघाली. झाकणांमागे ऑक्टेनचे आकडे होते. जुनीला ९१, नवीला किमान ९५.

जावयानं फोनवर शपथेवर सांगितलं, की टाकी भरलेलीच मिळाली आणि पहिल्याच चढाला टकटक सुरू झाली. सासऱ्यांना सांगायची छाती झाली नाही. सरांच्या पत्नी म्हणाल्या, की त्या जुन्या गाडीचं पेट्रोल आपल्या औषधांहून महाग पडतं.

तेवढ्यात सरांनी दोन चमचे टॉनिक घेतलं. दिरानं चव विचारली.

"तुम्हाला कशाला? तरुणांना दगडही पचतात. ताकदीचं लागतं ते म्हाताऱ्यांना."

"जावईच," दीर वहिनींच्या कानात म्हणाला.

"भावोजी, कुलूपबंद टाकीत जावई काय फुंकर मारून पेट्रोल भरणार?" वहिनी सरांकडे वळल्या. "सर, भारीतलं पेट्रोल तुम्ही जुनीला पाजता आणि साधं नवीला. खरं ना?"

"अर्थात. तिचं वय झालंय."

"ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंजिनात दाब वाढला, तरी पेट्रोलनं आपोआप पेटू नये, त्याचा तो आकडा. टर्बोत दाब जास्त, चढाला आणखी. तिथं साधं पेट्रोल अवेळी भडकतं, तीच टकटक. जुनीत दाबच कमी. तिला भारीतलं घालून काही फायदा नाही. वेळेत कळलं, इंजिन शाबूत असेल. पुढची टाकी ९५ची भरा."

सरांनी टॉनिकची बाटली पुढे केली. "मग हे टॉनिक?"

"ते डॉक्टरांना विचारा."

टकटक थांबली. रविवारी लेक-जावई जेवायला आले. सरांनी जावयाला गाडीची किल्ली दिली, वर झाकणाचीही. जुनी गाडी आता साध्या पेट्रोलवर अगदी पूर्वीसारखीच पळते. सरांना त्याचं थोडं वाईट वाटतं.