राजमकडची डिस्क

विषय: संस्थेच्या ध्वनिसंग्रहाचा सॉफ्टवेअर-प्लॅटफॉर्म संगणकांच्या क्लस्टरवर बसवणे, आणि चालत नसल्यास का चालत नाही ते पाहणे.

संदर्भ: सचिव अनिरुद्धराव यांची तोंडी विनंती, नंतर तीच लेखी, नंतर रडवेली.

या तिसऱ्या संदर्भाला मान देऊन संगणक अभियंता प्रणवेश चेन्नईहून तंजावरला आला. मेल वीथीत, म्हणजे पश्चिम रस्त्यावर, औषधाच्या दुकानावरच्या माडीवर तंजावरी मराठी बोलीचे आवाज जपणाऱ्या संस्थेची एकुलती खोली. महिन्याच्या देखभालीसाठी त्या दिवशी वीज बंद होती. पंखा नाही, धुळीच्या भयानं खिडक्या कायमच्या लावलेल्या. भर दुपारी खोलीत काळोख होता. बॅटरीवर चाललेल्या संगणकांचे हिरवे दिवे तेवढे त्यात मिचमिचत होते.

देणगीदाराचं नाव दगडावर कोरायची आपली जुनी खोड. इथं दगड नव्हता, म्हणून संगणकांनाच नावं दिली होती: सेतुमाधव, शेषगिरी आणि राजम. राजम म्हणजे अनिरुद्धरावांची बायको. गेल्या आडीत, म्हणजे तमिळ आषाढात, ती गेली आणि तेराव्याच्या आत तिचा संगणकही जळाला. वायरी काढून तो कोपऱ्यात ठेवला होता, तिच्याच जुन्या साडीखाली.

"क्लस्टर म्हणजे एकत्र कुटुंब, मामा," पडद्यावरची नजर न काढता प्रणवेश म्हणाला. "एक पडला की त्याचं काम दुसरा उचलतो. पण आवाजांची सामायिक डिस्क एका वेळी एकाच्याच हाती. नोंदीत ती अजून राजमकडे आहे."

"सोडत नाही?"

"नाही."

"किल्ल्या तरी कधी सोडल्या होत्या तिनं!" अनिरुद्धराव म्हणाले. हसू मात्र अर्ध्यावर राहिलं. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. तिचा आवाज त्या एका डिस्कवर होता, दुसरी प्रत नव्हती. आणि तो आवाज कसा होता हे हल्ली त्यांना आठवेनासं झालं होतं. हे त्यांनी पोटच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं.

"मग काय करायचं, कण्णा?" त्यांनी लाडाच्या तमिळ हाकेनं प्रणवेशला विचारलं.

"राजम मेली, असं क्लस्टरला सांगायचं. मग डिस्क सुटते."

"महापालिकेचा दाखला आहे की घरी."

"त्याला तो चालत नाही, मामा. सचिवांची मंजुरी लागते. नियम तुमचाच."

होता खरा. जन्म तालुका कचेरीत काढलेल्या माणसाला मंजुरीवाचून शिंकणंही अनियमित वाटतं. पडद्यावर विचारणा आली: राजम कायमची बंद झाली आहे, याची खात्री आहे का? अनिरुद्धरावांचं बोट बराच वेळ अधांतरी राहिलं.

"दाबा, मामा."

त्यांनी दाबलं.

डिस्क सुटली, शेषगिरीनं उचलली, प्लॅटफॉर्म उभा राहिला. वर्षभराचं दुखणं चुटकीसरशी गेलं. प्रणवेशनं यादीतलं राजमचं पहिलंच ध्वनिमुद्रण लावलं. डांगर पचडीची कृती.

"उडदाचं पीठ कोरडं भाजायचं... करपवायचं नाही, कळलं कां? मग दह्यांत..."

अनिरुद्धरावांनी डोळे मिटले. तोच किंचित नाकातला आवाज, तीच प्रत्येक वाक्याला चिकटलेली दटावणी. हा आवाज आपण विसरत होतो!

आवाज थांबला. खोलीत दवणा-मरव्याचा ओला वास पसरला. दर शुक्रवारी राजम माळायची त्या पानाफुलांच्या कदंबम माळेचा.

"खाली फुलं विकतात का कुणी?" प्रणवेशनं विचारलं.

"औषधं विकतात."

"कोण लिहिलं...?" आवाज आता हलका होता, अगदी कानाशी. "मी मेली म्हणून... कोण लिहिलं?"

अनिरुद्धरावांनी प्रणवेशचं मनगट धरलं. "हे... यात आधीपासून आहे?"

"मामा..." त्यानं पडद्यावरची वेळ पाहिली. "ध्वनिमुद्रण मघाशीच संपलं."

"मीच लिहिलों, राजम," अनिरुद्धराव कोपऱ्याकडे तोंड करून म्हणाले. "तुझा आवाज ऐकायचा होता... म्हणून..."

प्लॅटफॉर्म बंद पडला. पडद्यावर नावं उमटली. सेतुमाधव, तयार. शेषगिरी, तयार. राजम, तयार. डिस्क राजमकडे.

प्रणवेशनं साडी उचलली. वायर नव्हती, खोबणीत धूळ होती. त्यानं पत्र्यावर तळवा ठेवला आणि झटकन काढला. पत्रा कोमट होता, माणसाच्या अंगासारखा.

"पुन्हा मंजुरी द्या, मामा," तो कसाबसा म्हणाला. "पुन्हा सुटेल. तुम्हांला ऐकायचं होतं ना?"

"ऐकायचं आहेच." अनिरुद्धरावांनी साडी त्याच्या हातातून घेतली, नीट पांघरली, कडा खोचल्या. "पण एकदा लिहून दिलं, कण्णा. परत माझ्याच्यानं होणार नाही." दारात ते थबकले. आमच्यात जाताना 'जातो' म्हणत नाहीत. "जाऊन येतों," ते कोपऱ्याला म्हणाले.

सद्यःस्थिती: सेतुमाधव व शेषगिरी ठीक आहेत. संस्थेत सध्या कोणीही काहीही ध्वनिमुद्रित करत नाही. डिस्क मात्र रोज थोडी थोडी भरते. शुक्रवारी जरा जास्त. प्लॅटफॉर्म थांबून आहे. मंजुरीसाठीचा अर्ज सचिवांकडे प्रलंबित आहे.