तानुबाईचं मीम

राजापेठेतल्या प्रचार कार्यालयात खुशी वाऱ्यासारखी शिरली. ओढणीला अजून कोथिंबिरीचा वास होता.

"हे कोनं बनोलं?" तिनं मोबाइल टेबलावर आपटला.

स्क्रीनवर तिची माय, भाजीवाली तानुबाई. कपाळाला आठ्या, अन् वर ओळ — ‘पाच वर्षांनी नेता गल्लीत दिसला की...’ दोन दिवस सारी अमरावती हसत होती. पोरं दुकानापुढं सेल्फी काढत. माय पदरानं तोंड झाकून बसे.

"मी..." चष्मा सावरत एक पोरगा उठला. अद्वैत, वकिलीचा विद्यार्थी. उमेदवार चारुताताईंच्या प्रचाराची मीमं तोच बनवायचा.

"माह्या मायले इचारलं होतं काय?"

त्यानं आपला मोबाइल काढला. मग तिच्यासमोरच त्यानं पोस्ट पुसली.

"अरे, त्याच मीममुळं तरुण पोरं आपल्याकडं वळली होती!" आतल्या खोलीतून आलेल्या चारुताताई कडाडल्या.

"मग मला काढा, ताई. पण ते मी परत टाकणार नाही."

खुशी भांडायला आली होती. आता त्याच्याकडं बघवेना — अन् नजरही हटेना.

सकाळी तो बाजारात हजर. "मावशी, चुकलो."

तानुबाईनं त्याला खालवर न्याहाळलं. "लोकं हसले त्याचं काई नाई. पन मले काय म्हनाचं हाय, हे कोनी इचारलं?"

"सांगा ना."

"बाजारात बायांले संडास नाई, बापू. दिवसभर पानी न पेता बसतो आमी."

नव्या मीमची ओळ खुशीनं लिहिली, फोटो अद्वैतनं काढला. कमरेवर हात ठेवून तानुबाई थेट विचारत होती — ‘मत मांगाले येता, पन बायांनं जावं कुठं?’

संध्याकाळपर्यंत मीम बडनेऱ्यापासून तेल्हाऱ्यापर्यंत पोचलं. पोरापोरींनी ते प्रत्येक उमेदवाराला पाठवलं. चारुताताई सगळ्यांआधी बाजारात आल्या, सर्वांदेखत लेखी वचन दिलं, अन् निवडूनही आल्या.

चार महिन्यांनी ढोलताशात तानुबाईनं नव्या स्वच्छतागृहाची फीत कापली. बाया गुलाल उधळत होत्या. अद्वैत खुशीजवळ सरकला. कान लाल झाले होते.

"खुशी, मला... म्हणजे तू मला..."

"एवढं म्हनाले चार महिने लागले तुले?" ती हसली, अन् साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडली, "माय, हा पोरगा मले पसंत हाय!"

ढोल थांबला. तानुबाईनं गुलालानं माखलेला हात कमरेवर ठेवला.

"मंग उभा कावून हाय? ये म्हना, मेथीच्या जुड्या बांधू लाग!"