सहा निर्मळ बाटल्या

दहा वर्षांच्या साइमीचे प्रत्यारोपित मूत्रपिंड निकामी झाल्याचे निदान मंगळवारी निश्चित झाले. त्याच दिवशी हेलसिंकीच्या प्रयोगशाळेत एव्ही तान्स्कानेन यांच्या ध्यानी एक अशक्य गोष्ट आली. साइमीच्या लघवीच्या गेल्या सहाही बाटल्या निर्मळ होत्या.

शरीर परक्या अवयवावर उलटले, की लघवीत एक विशिष्ट प्रथिन उतरू लागते. रक्तात दोष दिसण्याच्या कित्येक आठवडे आधी. त्याकरिताच दर सोमवारी साइमीच्या घरून टपालाने बाटली निघत असे.

एव्ही यांनी गोठवून ठेवलेले उर्वरित नमुने पुन्हा तपासले. गुरुवारी त्या साइमीच्या तळ्याकाठच्या घरी पोहोचल्या. मुलगी रुग्णालयातच होती.

"औषधं कधी चुकली?" त्यांनी विचारले.

"एकदाही नाही," साइमीची आई काट्री म्हणाली. "माझ्यासमोर गिळते. रक्तात दिसतात ना?"

"दिसतात. बाटली कोण भरतं?"

"तीच भरून फ्रिजमध्ये ठेवते. आम्ही दोघं पहाटेच कामावर जातो. नऊला येऊन मी टपालात टाकते."

काट्रीने सर्वांना कॉफी ओतली. सासूबाई हिल्का यांनी आपल्या कपावर हात ठेवला.

"आईला गरम पाणी," साइमीचा पिता सांपो म्हणाला. "अख्ख्या गावात कॉफी न पिणारी ही एकटीच. चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना ठेवायचं चाललंय."

"हार्टच्या डॉक्टरनं सोडायला लावली," हिल्का पुटपुटल्या.

एव्ही यांनी कप खाली ठेवला.

"साइमी रोज एक जंतुनाशक गोळी घेते. ती लघवीतूनच बाहेर पडते. सहाही बाटल्यांत तिचा अंश नाही. म्हणजे ती लघवी साइमीची नव्हे."

"मग कुणाची?"

"घरात दुसरं मूल नाही. मोठ्या माणसाची म्हणावी, तर तिच्यात कॉफीचा थेंबही उतरलेला नाही."

सांपोने सावकाश आईकडे वळून पाहिले.

"का, हिल्का आजी?" एव्ही यांनी मृदू स्वरात विचारले.

बराच वेळ हिल्का टेबलावरील मेणकापड बोटाने सारखे करीत राहिल्या.

"फेस आला होता," त्या म्हणाल्या. "साइमीच्या लघवीला. सांपोच्या आधी मला मुलगी होती. तिच्या लंगोटांना असाच फेस यायचा. डॉक्टरांनी तिला पाच महिने ठेवून घेतलं आणि पेटीतून परत दिलं. साइमीला जन्मतः होता तोच हा रोग परत आला, मला कळलं. म्हटलं, निदान हा एक उन्हाळा तरी पोरीला तळ्यावर मिळू दे. तिची बाटली मी ओतून द्यायचे आणि माझी भरून ठेवायचे."

"तो रोग नव्हता, आजी. जुनी मूत्रपिंडं काढली तेव्हाच तो संपला. या वेळी शरीर नव्या मूत्रपिंडावर उलटलं होतं. त्यावर औषध आहे."

"म्हणजे वाचलं असतं?"

एव्ही यांना खोटे बोलता आले असते.

"पहिल्या बाटलीतच कळतं तर, बहुधा. आता नाही."

"दुसरं मिळेल?"

"तिच्या रक्तात आता इतकी विरोधी द्रव्यं झालीत, की जुळणारं मिळणं जवळजवळ अशक्य आहे."

सांपोचा हात नकळत कुशीवरील, लेकीला मूत्रपिंड देताना पडलेल्या व्रणावर गेला आणि तेथेच राहिला.

काट्री उठली. तिने किटली उचलली आणि सासूबाईंचा कप काठोकाठ कॉफीने भरला. या वेळी हिल्का यांनी कपावर हात ठेवला नाही.