तिसऱ्या वळणाचा राखणदार

लिंबू फुटलं नाही, तिथंच वनिताला पहिल्यांदा खटकलं.

परदेशात, मार्कहॅमला चारुदत्तकाकांच्या बेसमेंटमध्ये जेवणं उरकून पोरं गाद्यांवर लवंडली होती. काकांनी दिवा मालवला. ऐकीव नाही हं, म्हणाले, वनिता माझ्या मावसबहिणीची मुलगी. मग सावकाश सांगायला लागले.

तीस सप्टेंबर २०१७. शनिवार, दसरा. धाकट्या भावासाठी, गंधारसाठी, डबा आणि पूजेचं सामान घेऊन वनिता एटोबिकोहून निघाली होती. गंधार कॉलेजात मोटारींचं काम शिकत होता. स्वतः उघडून-जोडून उभी केलेली जुनी स्टॉक कार, साध्या मोटारीची केलेली शर्यतीची गाडी, तो मक्याच्या शेतांमधल्या एका छोट्या ट्रॅकवर पळवायचा. अंडाकृती डांबरी ट्रॅक, भोवती काँक्रीटची भिंत. पळवायचा कसला, एकमेकांना घासत, ढकलत गरागरा फिरायचं नुसतं. वनिताला ते बघवायचं नाही. पण सांगणार कुणाला? आईला तिनंच शब्द दिला होता, मी आहे ना, त्याला काही होऊ देणार नाही.

पिटमध्ये, शर्यतीआधी गाड्या तयार करतात तिथं, तिनं गाडीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. गंधारनं गाडी पुढे घेतली. एवढं धूड वरून गेलं आणि लिंबू जसंच्या तसं. जमिनीत रुतलं असेल ताई, म्हणत तो हेल्मेट शोधायला लागला.

जमीन डांबरी होती.

आता कुडाळकडची माणसं ही. परक्या जागी काही करायचं, तर आधी तिथल्या राखणदाराला, ती जागा धरून असलेला देव असो की मेलेलं माणूस, गाऱ्हाणं घालायचं. वनितानं नारळ हातात धरला, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, ह्या जागेचो जो कोण तू राखणदार आसशीत, तो तू ह्या गाडयेत येऊन बस. माझ्या भावाक सांभाळ रे म्हाराजा."

"गोरा असणार गं तो," गंधार हसला. "मालवणी कळेल का त्याला?"

मग त्यानंच सांगितलं, की फार वर्षांपूर्वी इथं तिसऱ्या वळणावर दोघांनी मिळून एकाला भिंतीत दाबला होता. गाडी पेटली. तो आत ओरडत होता आणि शर्यत कुणी थांबवलीच नाही, म्हणे.

वनिताचा नारळ तोवर फोडून झाला होता.

शर्यत रात्री साडेआठची. ती रेडिओ घेऊन स्टँडच्या माथ्यावर उभी राहिली. स्पॉटर तीच. आतून कोण येतंय, बाहेरून कोण, हे वरून बघून सांगायचं. ह्या वर्गातल्या गाड्यांत फक्त ऐकायचं यंत्र असतं. ड्रायव्हरला ऐकू येतं, उलट बोलायची सोय नाही.

हिरवा झेंडा पडला. गंधार म्हणजे कुणाला धक्का लागला तर नंतर जाऊन सॉरी म्हणून येणारा पोरगा. त्यानं पहिल्याच वळणावर पुढच्या लाल गाडीत नाक घुसवलं. लाल गाडी आडवी फिरली आणि भिंतीवर आपटली. दार चेपलं, काचा उडाल्या. मागचा तिच्यात घुसला. पिवळे दिवे लागले, सगळे हळू झाले.

गंधार नाही.

"स्लो हो, गंध्या. यलो आहे."

त्यानं आणखी एकाला गाठलं. भिंतीशी दाबून फरफटत नेलं. ठिणग्या... पत्रा फाटत होता... आतल्या माणसाची किंकाळी वरपर्यंत आली.

"बहनजी, आपका ड्राइवर पागल हो गया है क्या?" शेजारचा पंजाबी स्पॉटर म्हणाला.

गाडी समोरून गेली. गंधारचे दोन्ही हात खिडकीच्या जाळीवर होते. तो आतून जाळी बडवत होता.

आणि गाडी वळणं नीट घेत होती.

"ब्रेक मार. गंध्या, ब्रेक..."

तिसरं वळण.

गाडी वळली नाही. सरळ भिंतीत गेली. पुढचा भाग पार चेपला. भडका उडाला.

वनिता पायऱ्यांवरून धडपडत खाली आली, कठडा ओलांडून ट्रॅकवर धावली. गुडघे फुटले होते, तिला कळलंही नाही. ट्रॅकवरच्या माणसांनी आग विझवली. जाळी शाबूत होती, ती कापली. एकानं आत टॉर्च मारला...

तो मागे सरला.

दुसऱ्यानं वाकून बघितलं. तोही मागे सरला.

पट्टे सगळे लावलेले. घट्ट. सीट रिकामी.

रक्त नाही... बूट नाही... राखसुद्धा नाही.

एव्हाना सगळी इंजिनं बंद केली होती. इथं काकांनी आवाज खाली आणला.

वनितानं रेडिओ तोंडाशी धरला.

"गंध्या..."

खरखर.

"कुठे आहेस रे? बोल ना."

खरखर.

"कुणीतरी बोला..."

खरखर थांबली. एक अनोळखी, गोऱ्या माणसाचा आवाज आला. शांत, घाई नसलेला.

"स्टेप ऑफ द ट्रॅक, मॅम. युअर ब्रदर अँड आय, वी आर कमिंग अराउंड."