पडद्याची बायकांकडची बाजू

धुळे-चाळीसगाव पॅसेंजरला खिडकीची जागा मिळायला नशीबच लागतं. शहाऐंशीच्या त्या उन्हाळ्यात, त्या दिवशी कोकिळाचं नशीब एवढं जोरावर होतं, की खिडकी तर मिळालीच, वर शेजारची जागाही रिकामी. मांडीवर बालवाडीच्या मुलांसाठी घेतलेले तक्ते सांभाळत ती जरा ऐसपैस बसते न बसते तोच त्या जागेवर एक भलीमोठी काळी पेटी येऊन बसली. पेटीचा मालक मात्र समोर दांडीला धरून उभा. उंच, सावळा, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या... आणि चेहरा असा, की जणू गाडीच याच्या घरची.

"जागा माणसांसाठी असते," कोकिळा म्हणाली.

"पेटीत माणसंच आहेत."

"म्हणजे?"

"बायका आहेत, पोरं आहेत. एक गाढवही आहे. सगळी गुंडाळून ठेवलीत."

कोकिळाने पर्स त्या बाजूच्या खांद्यावरून काढली आणि खिडकीकडच्या खांद्यावर घेतली. तिला ते हसू आवडलं नाही. म्हणजे आवडलं, पण असं पहिल्या भेटीत आवडून जाणारं हसू चांगल्या माणसाचं नसतं, असं तिचं पक्कं मत होतं. बाईचा स्वभावच संशयी. दूधवाल्यापासून गाडीतल्या तिकीट तपासनीसापर्यंत कोणी तिच्या तावडीतून सुटत नसे.

तिचं स्टेशन आलं. ती उतरली, तर हाही उतरला. पुढे तिच्या गावाची, लोणपिंप्रीची वाट पायी तुडवायची, दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं, वर ऊन नुसतं आग ओकत होतं. ती भराभर चालली, मागची पावलंही भराभर. ती थांबली, पावलंही थांबली. शेवटी तिने वळून विचारलं, माझ्या मागे का येताय?

"तुम्ही माझ्या पुढे चालताय म्हणून," तो म्हणाला, आणि पेटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. घामाने निथळत होता बिचारा. पण कोकिळाने काही पाणी विचारलं नाही.

त्याचं नाव सुकदेव. धुळ्याचा, बाप गिरणीत कामाला. पुण्याला कोणाच्या तरी हाताखाली कॅमेरा शिकून आला होता आणि आता चार मित्र मिळून वर्गणीवर सिनेमे काढत होते. नाचगाण्यांचे नव्हेत, खेड्यातल्या दारूवर, खेड्यातल्याच माणसांचे, आणि ते दाखवायचेही खेड्यातच, गावोगाव यंत्र घेऊन फिरून. थेटरवाले असले सिनेमे घेत नाहीत, हे त्याने हसत हसत सांगितलं. गावाचा मात्र यावर काडीचा विश्वास बसला नाही. अर्ध्या गावाला वाटलं, हा दारूबंदी खात्याचा हेर आहे. उरलेल्या अर्ध्याला वाटलं, पोरगा मुलगी बघत हिंडतोय आणि पेटी नुसती दाखवायला आहे. कोकिळाला दोन्ही शंका रास्त वाटल्या.

तो आला होता बिबड्यांसाठी. उन्हाळ्यात आमच्याकडे बायका ज्वारीचा घाटा शिजवतात, ओल्या फडक्यावर त्याचे पापड थापतात आणि खाटेवर वाळवतात, ते बिबडे. त्या कामाला बायका एकत्र बसतात, बोलतात, म्हणून त्याला ते हवं होतं. कोकिळाच्या अंगणात त्या दिवशी भिकुबाई एकटीच थापत होती. भिकुबाई म्हणजे कोकिळाची काकू. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हापासून हिनेच पोरीला वाढवलं, शिकवलं, चाळीसगावच्या कॉलेजात धाडलं. आणि हिच्याच पाठीवर झुलालकाका गुत्त्यावरून आले की हात टाकत. गावाला माहीत नव्हतं असं नाही, पण बोलायचं नाही अशी रीत होती.

सुकदेवने कॅमेरा काकूच्या हातांवर धरला. नुसते हात, घाटा आणि फडकं. आणि कोणी विचारलं नव्हतं, कोणी टोकलं नव्हतं, काकू थापता थापता बोलायला लागली. पहिला मार कधी खाल्ला, कशापायी खाल्ला, कोकिळा लहान होती तेव्हा तिला कोठीआड का लपवून ठेवायची. आवाज जरासुद्धा हलला नाही. कोकिळा दारात उभी होती, तिने पदराचं टोक दातांत धरलं.

काकूचं बोलणं संपलं तसा त्याने कॅमेरा खाली ठेवला. हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "काकू, हे लोकांना दाखवू का? नाही म्हणालात तर हा तुकडा आत्ता जाळतो."

काकूने हात धुतले, पुसले, मग म्हणाली, "दखाड भो. पन मी शे हाई कोनले समजाले नको."

त्याने शब्द दिला. तोंड दिसणार नाही, आवाज धुळ्यातल्या दुसऱ्या बाईचा घालीन. पण कोकिळा कसली ऐकतेय? तिने त्याला ओट्याशी गाठलं आणि काकूच्या मनगटावरचं गोंदण दाखवलं. लोणपिंप्रीत यच्चयावत बायकांच्या उजव्या मनगटावर वेलीचं गोंदण असे. एकट्या भिकुबाईचं डाव्यावर. गोंदारीण गावात आली तेव्हा हिचा उजवा हात मोडून फळीत बांधलेला होता, म्हणून. एवढं एक मनगट दिसलं की काकांना कळणार, आणि मग काकूचं काय होईल ते सांगायला नको.

"नाही कळणार," तो म्हणाला. "ते माझ्याकडे लागलं."

"कसं?"

"जादू आहे."

"जादूवर माझा विश्वास नाही."

"माझ्यावर?"

"तुमच्यावर तर त्याहून नाही."

तरी तो येत राहिला. कधी म्हणे पाणी शेंदताना रहाटाचा आवाज घ्यायचाय, कधी गिरणीचा, कधी कोंबड्याचा. कोंबडा काय धुळ्यात आरवत नाही? कोकिळा विचारायची. तो म्हणायचा, आरवतो, पण त्याच्या मागून तुमचा ओरडा ऐकू येत नाही. ती तोंड फिरवायची, आणि तोंड फिरवल्यावर मात्र हसायची. पावसाळा आला, कपाशी गुडघ्याला लागली, वेचणी झाली. पॅसेंजरची शिट्टी झाली की मुलांना शिकवता शिकवता कोकिळाची बोटं फळ्यावरच थबकायची. तिला तो आवडला होता. जीव जडला होता म्हणा ना. आणि म्हणूनच ती जास्त घाबरायची, कारण काकूचा जीव तिने याच्या शब्दावर टांगून ठेवला होता.

पहिला खेळ आमच्या गावात झाला पाहिजे, ही तिचीच अट. सिनेमा तयार झाला आणि सुकदेव मित्राची जीप घेऊन आला. दिवस मावळला. गावाने चावडीपुढच्या दोन कडुलिंबांमध्ये पांढरं कापड ताणून बांधून ठेवलंच होतं, नेहमीसारखं. पुरुष पडद्यापुढे, बायका पडद्यामागे. गावात कुठलाही पिच्चर आला तरी असंच. कापड पातळ, चित्र दोन्हीकडून दिसतं, मग हरकत कसली? कोकिळाने परकरात असल्यापासून सगळे पिच्चर मागूनच पाहिलेले. तिच्या लेखी तीच पिच्चरची बाजू.

सुकदेव पुढच्या अंगाला यंत्राशी खटपट करत होता. वाचता येणारे थोडे, म्हणून सिनेमाचं नावसुद्धा त्याने पाटीवर न लिहिता बोलूनच ऐकवलं होतं. गुत्ता आला, विहीर आली, गाढव आलं, पोरं खिदळली. मग फडक्यावर घाटा थापणारे हात आले... आणि डाव्या मनगटावर वेल.

बायकांच्या बाजूला एकदम चिडीचूप झालं. कोकिळाने शेजारी पाहिलं. काकू ताठ बसली होती, दोन्ही हात पदराखाली.

खेळ संपला. कोकिळा पडद्याला वळसा घालून सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तो तिच्याकडे शाबासकी मागणाऱ्या पोरासारखा बघत होता. याचा तिला आणखीच राग आला.

"खोटारडे निघालात," ती म्हणाली. "आमच्या गावात पुन्हा पाय ठेवू नका."

तो काहीतरी बोलत होता. तिने ऐकलं नाही.

सकाळी तिने काकांपुढे चहाची कपबशी ठेवली. काकांनी चहा बशीत ओतला, फुर्र करून प्याले आणि म्हणाले, "ती डावखोरी बाई कोनता गावनी व्हती? आपला गावनी ते नही वाटस."

डावखोरी? काकू तर सगळं उजव्या हाताने करते. कोकिळाला वाटलं, म्हातारा वेड पांघरतोय, राग पोटात ठेवून संधीची वाट बघतोय. त्या दिवसापासून ती डोळ्यांत तेल घालून त्यांच्या मागावर राहिली. दारामागची काठी तिने चुलीत घातली. त्यात शेजारची पुष्पाबाई रोज दिवेलागणीला, काका परतायच्या सुमारास, ओट्यावर येऊन बसायला लागली. कधी विरजण मागायला, कधी नुसतीच. पुष्पाबाईला काम असलं की गल्लीतली यशोदाबाई यायची. कोकिळा मनात चरफडायची, आल्या तमाशा बघायला. काका यायचे, ओट्यावर बायका बघायचे, आणि मुकाट्याने हातपाय धुऊन जेवायला बसायचे.

चाळीसगावला शाळेत खेळ आहे असं कळलं, तसं तिने काकूला सांगितलं, मी जाते आणि तो तुकडा कापायलाच लावते. काकू लुगडं वाळत घालत होती. तिने हातातला पिळा तसाच धरला.

"कापू नको, बेटा. बठ्ठ्यासनी वळखा मन्हा हात. पन एक बी बोलनी नही. उलट्या रोज येतीस बठाले." पिळा उलगडता उलगडता ती म्हणाली, "आते माले एकलं वाटत नही."

सगळ्या बायकांनी काकूचे हात ओळखले होते, आणि एकीनेही तोंड उघडलं नव्हतं. पुष्पाबाई राखणीला बसत होती तर. तिला स्वतःची लाज वाटली आणि रडूही आलं. काकूचं ओझं उतरलं खरं, पण त्याने दिलेला शब्द? तो तर मोडलाच ना. ज्याचा एक शब्द टिकला नाही त्याच्यापाशी जन्म कसा टाकायचा? काकूला मी बाजारहाट करून येते असं सांगून ती गाडीत बसली. बाजारहाट कसला, त्याच्या तोंडावर चार गोष्टी सुनावल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

शाळेच्या हॉलमध्ये अंधार केला होता. इथे पडदा भिंतीवरच खिळे मारून लावलेला, त्यामुळे मागे बसायची सोयच नव्हती. बाया-पुरुष सगळे पुढे. ती शेवटच्या बाकावर बसली. गुत्ता आला. विहीर आली. गाढव आलं, आणि तिला उगीच वाटलं, हे मागच्या वेळी तिकडून इकडे गेलं होतं, आज इकडून तिकडे चाललंय. मग हात आले. थापणारा हात डावा. आणि वेल उजव्या मनगटावर... गावातल्या कुठल्याही बाईच्या असते तशी.

कोकिळा उठून उभी राहिली. मागून कोणीतरी म्हटलं, बाई, खाली बसा.

त्याने तो तुकडा आरशातल्यासारखा, डाव्याचं उजवं करून छापला होता. लोणपिंप्रीत पुढे बसलेल्या काकांना, सगळ्या पुरुषांना हेच दिसलं होतं, कोणी परगावची डावखुरी बाई. आणि मागे बसलेल्या बायकांना उलट्याचं पुन्हा सुलट होऊन साक्षात भिकुबाई दिसली होती. शब्द त्याने पाळला होता. लिंबांमधल्या त्या पातळ कापडाने घोळ केला होता, आणि जन्मभर मागे बसलेल्या कोकिळाच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

खेळ संपून माणसं पांगली. तो रीळ गुंडाळत होता. ती दिसताच गुंडाळायचा थांबला. मग तिनेच सगळं सांगितलं, पडद्याच्या मागची बाजू, तिथे काय दिसलं, कोणी काय ओळखलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला.

"लॅबवाल्याशी भांडून उलटा छापून घेतला होता मी," तो म्हणाला. "बायका मागे बसतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हणजे चुकलोच की मी. काकूंना काही..."

"काकू मजेत आहे. बायका ओट्यावर येऊन बसतात. काकांचा हात त्या दिवसापासून उठला नाही."

त्याने डोळे मिटून घेतले. अशा माणसाला मी खोटारडा म्हणाले, हे कोकिळाच्या मनात इतकं टोचलं, की तिने त्याच्या हातातलं रीळ घेतलं आणि स्वतःच गुंडाळायला लागली.

"तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत? मी बोलले तेव्हा?"

"सांगत होतो. तुम्ही ऐकत नव्हतात." मग जरा चाचरत, पेटीच्या कडीशी चाळा करत तो म्हणाला, "अजून वीसेक गावं फिरायचीत. पडद्याच्या मागे काय दिसतं ते बघायला कोणीतरी पाहिजे... माझ्यावर सहजासहजी विश्वास न ठेवणारं. जन्मभरासाठी."

"ही नोकरी आहे का मागणी?"

"नोकरीला पगार असतो."

कोकिळाने रीळ डब्यात ठेवलं, झाकण घट्ट बसवलं, पुन्हा एकदा दाबून बघितलं. "काकूला येऊन विचारा," ती म्हणाली. "आणि काकांना शुद्धीवर असताना. पण माझा संशयी स्वभाव जायचा नाही, आधीच सांगते."

"जाऊ नका देऊ. त्याच्याच भरवशावर आहे मी."

परतीच्या पॅसेंजरला नेहमीची गर्दी. कोकिळाने घुसून खिडकी धरली, वर शेजारची जागाही अडवून ठेवली. तो मागून पेटी घेऊन आला, शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि मुकाट्याने दांडीला धरून उभा राहिला. कोकिळाने त्याच्या हातातून पेटी ओढून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली. चांगलीच जड होती.

"जागा माणसांसाठी असते," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "बसा."